वाचकांचे प्रश्न: कन्सोल उघडला, पण त्यात माझा कोड कुठाय?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की नवीन कोडबेस समजून घ्यायचा असेल तर नुसत्या फाइली वाचत बसू नका, शेल, म्हणजे कोडची एकेक ओळ टाइप करून लगेच निकाल दाखवणारी खिडकी, उघडा आणि त्या कोडबेसमधली फंक्शन्स एकेक करून हाताने चालवून बघा. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, शेल उघडतो पण त्यात आपला प्रोजेक्टच नसतो. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. एक सांगून ठेवते, अंकात कमांड्स देवनागरीत छापल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

प्रश्न: ताई, मी चार महिन्यांपासून स्काला या प्रोग्रामिंग भाषेत काम करतोय. तुम्ही म्हणालात म्हणून टर्मिनलमध्ये स्काला टाइप करून शेल उघडला, पण आमच्या प्रोजेक्टचं पॅकेज इम्पोर्ट करायला गेलो की 'नॉट फाउंड'. मग लायब्ररींच्या जार फाइली शोधून त्यांचे पाथ जोडायला लागलो, अर्धा दिवस गेला. शेवटी टीममधल्या एकाने सांगितलं एसबीटी कन्सोल वापर, ते चाललं. पण आता दर वेळी उघडलं की तेच सात-आठ इम्पोर्ट परत टाइप करावे लागतात, त्यावर काही उपाय?

उत्तर: आहे, आणि तो एकदाच करायचाय. पण आधी जार शोधण्यात अर्धा दिवस का गेला ते बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप लागतं. नुसतं स्काला म्हणून उघडलेल्या शेलला तुमच्या प्रोजेक्टबद्दल काहीही माहीत नसतं, त्याच्याकडे स्कालाची स्वतःची लायब्ररी असते, बस. तुमचे क्लास कंपाइल होऊन कुठल्या फोल्डरमध्ये पडलेत, कुठल्या लायब्ररीची नेमकी कुठली आवृत्ती लागते, त्या लायब्ररीला स्वतःला आणखी कुठल्या लागतात, हा सगळा हिशोब बिल्ड टूलकडे, म्हणजे कोड कंपाइल करून लायब्ररी जोडणाऱ्या प्रोग्रामकडे असतो; स्कालात तो म्हणजे एसबीटी. तो हाताने परत मांडायला गेलं की कुठली तरी आवृत्ती चुकतेच, आणि मग शेलमध्ये चालणारी गोष्ट प्रोग्राममध्ये चालत नाही किंवा उलट, आणि माणूस चूक आपल्या कोडमध्ये शोधत बसतो. एसबीटीला कन्सोल म्हटलं की तो आधी तुमचा कोड कंपाइल करतो, मग तुमचे क्लास आणि सगळ्या डिपेंडन्सी, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी, क्लासपाथवर (क्लास कुठे शोधायचे त्या जागांच्या यादीत) घेऊन, बिल्डमध्ये लिहिलेल्याच स्काला आवृत्तीचा शेल उघडतो. म्हणजे तुम्ही ज्यात प्रयोग करताय तो तुमचाच प्रोजेक्ट असतो.

आता इम्पोर्टचं. बिल्ड डॉट एसबीटी फाइलमध्ये एक सेटिंग टाकायची: कन्सोल / इनिशियलकमांड्स := आणि पुढे तीन डबल कोट्स, आत तुमच्या ओळी, परत तीन डबल कोट्स. इनिशियलकमांड्स हा जोडून एकच शब्द, मधला सी तेवढा कॅपिटल. आतल्या ओळी म्हणजे साधा स्काला कोड, जो तुम्ही रोज हाताने टाइप करता तोच तिथे चिकटवा. कन्सोल उघडला की प्रॉम्प्ट यायच्या आधी तो चालवला जातो.

तिथे नुसते इम्पोर्टच टाकायला हवेत असं नाही, आणि मला वाटतं खरी मजा इथेच आहे. रोज लागणारा एखादा नमुना ऑब्जेक्ट तयार करून ठेवा, म्हणजे चार आयटम असलेली एक खोटी ऑर्डर, एक खोटा ग्राहक, जेसन वाचून तुमच्या क्लासमध्ये बदलणारं एक छोटं फंक्शन. टीममध्ये नवीन आलेल्या माणसाने कन्सोल उघडला आणि ऑर्डर डॉट टोटल टाइप केलं की समोर आकडा यावा. हे इतकं जरी झालं तरी त्याचा पहिला आठवडा सोपा जातो, मी हे डोळ्यांनी बघितलंय.

फक्त एक काळजी घ्या. एका प्रोजेक्टवर आम्ही याच सेटिंगमध्ये डेटाबेसचं कनेक्शन उघडून ठेवलं होतं, साधं व्हॅल (स्कालात मूल्याला नाव देणारा शब्द) लिहून. ज्यांच्या मशीनवर डेटाबेस चालू असायचा त्यांना काही जाणवलंच नाही, पण एक मुलगी नवीन आली, तिच्याकडे तो अजून बसवलेला नव्हता, तिने कन्सोल उघडला तर बराच वेळ नुसता कर्सर लुकलुकत राहिला आणि मग लांबलचक एरर. तिला वाटलं तिनेच काहीतरी बिघडवलं, दोन दिवस तिने कोणाला सांगितलंही नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. उपाय एका शब्दाचा होता, व्हॅलच्या आधी लेझी. लेझी व्हॅल केलं की कनेक्शन तुम्ही पहिल्यांदा ते नाव वापराल तेव्हाच उघडतं, तोवर कोणाची वाट अडवत नाही. तेव्हा जे काही जड आहे, नेटवर्क, डेटाबेस, मोठी फाइल, ते सगळं लेझी ठेवा.

आणि कन्सोल स्लॅश लिहायला विसरू नका. नुसतं इनिशियलकमांड्स लिहिलं तरी चालतं असं वाटतं, पण मग ती सेटिंग एसबीटीच्या बाकीच्या शेलनाही लागू होते, आणि त्यातल्या काहींना तुमचा कोड दिसतच नाही, त्यामुळे ते उघडताना तुमच्या इम्पोर्टवर अडखळतात. ते शेल कुठले ते खाली एका प्रश्नात आलंय.

तुमच्या एकट्याच्या सवयीच्या गोष्टी असतील तर त्या सगळ्यांच्या बिल्ड फाइलमध्ये घुसवू नका. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमधल्या, नावाच्या शेवटी डॉट एसबीटी असलेल्या सगळ्याच फाइली एसबीटी वाचतो, त्यामुळे लोकल डॉट एसबीटी अशी वेगळी फाइल करा, त्यात तुमचं लिहा आणि गिटला ती दुर्लक्षित करायला सांगा. तिथे := ऐवजी += वापरलंत तर टीमच्या ओळी राहतात आणि तुमच्या त्यांच्या पुढे जोडल्या जातात. ही जोडणी अक्षराला अक्षर चिकटून होते, म्हणून तुमच्या मजकुराची सुरुवात नवीन ओळीने करा, नाहीतर टीमची शेवटची ओळ आणि तुमची पहिली ओळ एक होऊन बसते.

प्रश्न: मी इनिशियल कमांड्स वगैरे सगळं केलं, पण कन्सोलमध्ये काहीही इम्पोर्ट केलं की 'अनयूज्ड इम्पोर्ट' म्हणून एरर येते आणि इम्पोर्ट होतच नाही. अहो, पुढच्या ओळीत वापरणारच आहे ना मी तो! वैताग आलाय.

उत्तर: तुमचा वैताग अगदी रास्त आहे. तुमच्या बिल्डमध्ये कंपायलरला दोन गोष्टी सांगितलेल्या असणार, एक म्हणजे न वापरलेल्या इम्पोर्टची वॉर्निंग दे आणि दुसरी, प्रत्येक वॉर्निंगला एरर समज, म्हणजे एक्स-फेटल-वॉर्निंग्ज किंवा नव्या आवृत्त्यांत डब्ल्यू-एरर. फाइलींसाठी दोन्ही चांगल्या, मी स्वतः लावते. पण शेल तुमची प्रत्येक ओळ वेगळी कंपाइल करतो. तुम्ही इम्पोर्ट टाइप करून एंटर दाबलं की त्याच्या दृष्टीने ती एवढीच फाइल, आणि त्यात तो इम्पोर्ट कोणी वापरलेला नाही. पुढच्या ओळीत तुमच्या मनात काय आहे ते त्याला कसं कळणार.

यावर बरेच जण काय करतात तर ते दोन ऑप्शन सगळ्या प्रोजेक्टमधूनच काढून टाकतात. ते नका करू, शेलच्या सोयीसाठी फाइलींची शिस्त घालवू नका. ते फक्त कन्सोलपुरते काढता येतात: कंपाइल / कन्सोल / स्कालाक-ऑप्शन्स --= आणि पुढे सेक मध्ये ते दोन ऑप्शन, जसे तुमच्या बिल्डमध्ये लिहिलेत हुबेहूब तसेच. स्कालाक-ऑप्शन्स पण जोडून एकच शब्द आहे, मधला ओ कॅपिटल, मी इथे वाचायला सोपं म्हणून रेघ दिलीय.

सुरुवातीचं कंपाइल गाळू नका हां. एसबीटी एखादी सेटिंग शोधताना आधी सबप्रोजेक्ट बघतो, मग कॉन्फिगरेशन, मग टास्क, त्यामुळे नुसतं कन्सोल / स्कालाक-ऑप्शन्स लिहिलेलं बऱ्याचदा बाजूलाच पडतं आणि तुम्ही म्हणत राहता की सेटिंग केली पण फरक नाही. असं वाटलं तर एसबीटीच्या प्रॉम्प्टवर शो म्हणून पुढे ते पूर्ण नाव टाइप करा, प्रत्यक्षात कुठले ऑप्शन लागू आहेत ते तो छापून दाखवतो. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे शंभर पट बरं. टेस्टचा कन्सोल वापरत असाल तर टेस्ट / कन्सोल / स्कालाक-ऑप्शन्स साठीपण वेगळी ओळ लागेल.

प्रश्न: कन्सोल चालू ठेवून फाइलमध्ये बदल केला, सेव्ह केली, पण कन्सोलमध्ये जुनंच फंक्शन चालतं. हा बग आहे का?

उत्तर: नाही, कन्सोल उघडताना जे क्लास लोड झाले तेच त्याच्याकडे असतात, मागे फाइल बदलली याचा त्याला पत्ता नसतो. कंट्रोल-डी दाबून किंवा कोलन क्विट टाइप करून बाहेर या आणि परत कन्सोल म्हणा. पण मला शंका आहे की तुम्ही दर वेळी टर्मिनलमधून एसबीटी कन्सोल असं एका दमात टाइप करत असणार, आणि त्यामुळे बाहेर पडलं की एसबीटीसुद्धा बंद होतो आणि परत उघडायला वेळ लागतो, म्हणून बाहेर पडायचा कंटाळा. त्यापेक्षा आधी नुसता एसबीटी उघडा, त्याच्या प्रॉम्प्टवर कन्सोल टाइप करा. बाहेर पडलात की एसबीटीच्या प्रॉम्प्टवर येता, वरचा बाण, एंटर, बदललेल्या तेवढ्या फाइली कंपाइल होऊन कन्सोल परत हजर.

बदल बिल्ड डॉट एसबीटी मध्ये केला असेल, समजा इनिशियल कमांड्समध्येच एक ओळ वाढवली, तर त्याआधी रीलोड टाइप करावं लागतं. एसबीटी १.३.० पासून त्यासाठी सेटिंग आहे, ग्लोबल / ऑनचेंज्डबिल्डसोर्स := रीलोडऑनसोर्सचेंजेस, ती लावली की बिल्ड बदललं तर तो आपण होऊन रीलोड करतो.

दुसऱ्या भाषांमध्ये हे जरा सुखाचं आहे हे मान्य करावं लागेल. हॅस्केलमध्ये कबाल रेपल म्हणून शेल उघडला की कोलन आर एवढंच टाइप केलं तरी बदललेली मॉड्यूल्स परत लोड होतात, फक्त प्रॉम्प्टवर तुम्ही बनवलेली नावं तेव्हा पुसली जातात. इलिक्सरमध्ये आयईएक्स डॅश कॅपिटल एस मिक्स असं उघडायचं आणि आत रीकंपाइल हे फंक्शन चालवायचं, तिथे तुमची व्हेरिएबल्सपण राहतात.

प्रश्न: आमचा कोड सध्या कंपाइलच होत नाहीये, मोठी मोडतोड चालू आहे, आणि मला फक्त एका लायब्ररीचं एक फंक्शन कसं वागतं ते बघायचंय. कन्सोल उघडेना.

उत्तर: कन्सोलक्विक वापरा, तो तुमच्या कोडला हातच लावत नाही, फक्त डिपेंडन्सी घेऊन उघडतो. वर म्हटलं ना काही शेलना तुमचा कोड दिसत नाही, त्यातला हा एक. दुसरा कन्सोलप्रोजेक्ट, त्यात तुमच्या प्रोग्रामऐवजी बिल्डचीच व्याख्या असते, बिल्ड फाइलमधली एखादी सेटिंग हातात घेऊन बघायची असेल तेव्हा उपयोगी. टेस्टमधले मदतनीस क्लास हवे असतील तर टेस्ट / कन्सोल. आणि बिल्डमध्ये बरेच सबप्रोजेक्ट असतील तर ज्याचा शेल हवा त्याचं नाव आधी, म्हणजे कोर / कन्सोल असं, मग मोडलेला भाग त्याच्या वाटेत येत नसेल तर तेवढ्यानेही काम होतं.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला जावा आणि ग्रेडल हे बिल्ड टूल आहे. जेशेल, म्हणजे जावाचा शेल, मला खूप आवडतो, पण ग्रेडलमध्ये कन्सोलसारखा टास्क सापडत नाही. मी स्वतः टास्क लिहून जेशेल चालवला तर काहीतरी विचित्र होतं, टाइप केलेलं नीट उमटत नाही, बाण दाबले की भलतीच अक्षरं येतात.

उत्तर: आवडतो हे वाचून खरंच बरं वाटलं! जावाला स्वतःचा शेल मिळायला सप्टेंबर २०१७ उजाडला, जावा ९ सोबत जेशेल आला, त्याआधी एक ओळ करून बघायची तरी क्लास आणि मेन मेथड लिहायला लागायची.

तू केलंस ते चुकलं नाहीये, अडचण ग्रेडलच्या बांधणीत आहे. तू ग्रेडल कमांड देतेस तेव्हा खरं काम करतो तो पाठीमागे चालू असलेला डेमन, आणि त्या डेमनला तुझं टर्मिनल जोडलेलं नसतं. स्टँडर्ड इनपुट जोडून दिलं तर तू टाइप केलेली अक्षरं पोचतात, पण बाण, टॅब, जुन्या कमांड्स यासाठी शेलला खरंखुरं टर्मिनल लागतं, ते त्याला मिळत नाही, वर ग्रेडलची प्रगती दाखवणारी ओळ मध्ये मध्ये उमटत राहते. म्हणून तिथे भांडत बसू नकोस. ग्रेडलकडून फक्त क्लासपाथ घे आणि जेशेल तू स्वतः उघड.

म्हणजे असं, बिल्ड फाइलमध्ये एक छोटा टास्क लिही जो सोर्ससेट्स डॉट मेन डॉट रनटाइमक्लासपाथ डॉट ॲझपाथ एवढंच छापतो, आणि तो क्लासेस या टास्कवर अवलंबून आहे असं सांग म्हणजे आधी कोड कंपाइल होईल. मग टर्मिनलमध्ये जेशेल, दोन डॅश क्लास-पाथ, आणि पुढे डॉलर कंसात ग्रेडल डॅश क्यू आणि तुझ्या टास्कचं नाव. तो डॅश क्यू विसरलीस तर ग्रेडलचे बाकीचे मेसेजपण क्लासपाथमध्ये जाऊन बसतात, आणि मग क्लास का सापडत नाहीत हे काही केल्या कळत नाही.

इनिशियल कमांड्सचं काम इथे स्टार्टअप फाइल करते. तुझे इम्पोर्ट एका फाइलमध्ये लिही आणि दोन डॅश स्टार्टअप म्हणून तिचं नाव दे. पण एक खाच आहे, तू स्वतःची स्टार्टअप फाइल दिलीस की जेशेलचे नेहमीचे इम्पोर्ट, म्हणजे जावा डॉट यूटिल, स्ट्रीम वगैरे, ते येत नाहीत, आणि साधं लिस्टसुद्धा ओळखत नाही. म्हणून आधी स्टार्टअप डिफॉल्ट, डिफॉल्ट सगळं कॅपिटलमध्ये, आणि मग स्टार्टअप तुझी फाइल, असं दोनदा द्यायचं. प्रिंटिंग म्हणून तिसरं एक तयार स्टार्टअप आहे, ते दिलंस की सिस्टिम डॉट आउट न लिहिता नुसतं प्रिंटएलएन चालतं, अभ्यासाला फार सोयीचं.

आणि अजून एक, दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून मुद्दाम सांगते. कॉलेजचे प्रोग्राम आपण बऱ्याचदा पॅकेज न देताच लिहितो, तसे क्लास जेशेलमधून वापरताच येत नाहीत, क्लासपाथ कितीही बरोबर असला तरी. फाइलच्या वर एक पॅकेजची ओळ टाक, क्लास पब्लिक कर, मग इम्पोर्ट होईल.

प्रश्न: कन्सोलमध्ये आमचा सर्व्हर सुरू करून बघितला, बाहेर पडलो, परत कन्सोल उघडून सुरू केला तर म्हणे पोर्ट आधीच वापरात आहे. शिवाय मोठी फाइल लोड केली की मेमरी संपते, जावाऑप्शन्समध्ये मेमरी वाढवली, फोर्क ट्रू केलं, तरी फरक शून्य.

उत्तर: दोन्हींचं मूळ एकच. एसबीटीचा कन्सोल वेगळ्या जेव्हीएममध्ये (जावा आणि स्कालाचे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेत) चालत नाही, तो एसबीटीच्याच पोटात चालतो. त्यामुळे तुम्ही आत सुरू केलेले थ्रेड, सर्व्हर, कनेक्शन हे कन्सोलमधून बाहेर आलात तरी मागे जिवंत राहतात, कारण एसबीटी अजून चालू आहे. आणि जावाऑप्शन्स, फोर्क या सेटिंग वेगळी जेव्हीएम सुरू होते तेव्हा कामाच्या, रन किंवा टेस्टला, कन्सोलला त्यांचा संबंध येत नाही.

मेमरी द्यायची ती एसबीटीलाच द्या. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये डॉट जेव्हीएमऑप्ट्स नावाची फाइल करा, त्यात एका ओळीत डॅश एक्सएमएक्स ४जी किंवा जेवढी हवी तेवढी लिहा, आणि एसबीटी पूर्ण बंद करून परत उघडा, रीलोडने हे होणार नाही कारण चालू जेव्हीएमची मेमरी मागाहून वाढत नाही. जेशेलवाल्यांनी इथे गोंधळू नये, तिथे तुमचा कोड वेगळ्या जेव्हीएममध्ये चालतो, त्याला मेमरी द्यायला डॅश कॅपिटल आर लावून लगेच एक्सएमएक्सचा ऑप्शन, मध्ये जागा न सोडता.

पोर्टसाठी इनिशियलकमांड्सची जोडीदार सेटिंग आहे, क्लीनअपकमांड्स. कन्सोल / क्लीनअपकमांड्स := आणि त्यात सर्व्हर बंद करायची ओळ, तुम्ही कंट्रोल-डी दाबलं की ती चालते. फक्त सर्व्हर लेझी व्हॅल म्हणून ठेवला असेल तर बघा हां, त्या दिवशी तुम्ही तो सुरूच केला नसेल आणि क्लीनअपमध्ये त्याचं नाव घेतलंत तर बंद करायला म्हणून तो आधी सुरू होईल. म्हणून मी एक व्हार, म्हणजे मूल्य नंतर बदलता येणारं नाव, ठेवते, सुरुवातीला ऑप्शन डॉट एम्प्टी म्हणजे रिकामं, सर्व्हर सुरू करणारं फंक्शन त्यात सर्व्हर ठेवतं, आणि क्लीनअपमध्ये त्या व्हारवर फोरईच लावून आत स्टॉप. सुरू केला असेल तर बंद होतो, नसेल तर काहीच होत नाही. आत्ता अडकलेलं पोर्ट मोकळं करायला मात्र एकदा एसबीटी बंद करून उघडावाच लागेल.